दिव्याचा पिक्चर आणि अकरा येळवशी

नांदेड
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

तारा,

आधी आली ती नागप्पा गिरणीवाल्याची बायको, केसांवर पीठ तसंच. तिच्या मागं धर्माबादची मास्तरीण. रिटायर झाल्यापासून तिला चार वाजले की घरात करमत न्हाई. मग कोपऱ्यावरच्या दोघी जावा, एकमेकींशी अबोला अन् आल्या एकाच रिक्षातनं. घटकाभरात मारुतीच्या देवळाचा मंडप बायांनी भरला. समोर पोथीच्या पाटावर कोण म्हणशील, तर मी.

पोथी वाचणारे गुरुजी लेकीकडं पुण्याला गेलेत पंधरा दिवस. मी नुसती पायरीवर बसून नागप्पाच्या बायकोला पिक्चर सांगत होते, तर तिनंच दंड धरून आत नेलं. पोथीला हात लावला न्हाई, ती कपड्यात बांधलेली बाजूला हाय. मी आपली तोंडानं पिक्चर सांगून राहिले.

हसू नको. तू कशी हसतीस ते मला अकरा वर्षांनंतर सुद्धा ऐकू येतं, आधी नाकातनं अन् मग पदरात. आता म्हणशील, अक्काला आजच कशी आठवण झाली. फोन करायचा तर तू उचलणार न्हाईस, अन् उचललास तर मलाच बोलता येणार न्हाई. कागदावर कसं, मधी कुणी बोलत न्हाई. चौथीपर्यंतचं अक्षर हाय, सांभाळून घे.

तर पिक्चर. नाव इंग्रजी हाय, मला लिहिता येत न्हाई. आम्ही सगळ्या त्याला दिव्याचा पिक्चर म्हणतो. बोलतात हिंदीत. मनस्विनीनं नेलं मला. मनस्विनी म्हणजे माझ्या रेणुकादासची थोरली, तू बघितलीस तेव्हा दुधाचे दात पडत होते, आता डॉक्टरकीच्या परीक्षेला बसायची हाय. अभ्यासानं डोकं धरलं म्हणून टॉकीजला निघाली, सोबतीला कुणी न्हाई म्हणून मी. मला वाटलं नाचगाणं असंल, वातीचा कापूस घेऊन गेले, वळत बसावं म्हणून.

अंधार झाला अन् खुर्ची थरथरली. आपल्या माहेरी खाणीत सुरुंग लागायचा, ताटातली वाटी सरकायची, तसं. समोर बघते तर आभाळात गाव तरंगून राहिलंय. गाव कसलं, जहाज. एवढं मोठं की त्यात ओढा हाय, ओढ्याला कपारी हायेत. अन् मान वर केली तर डोक्यावर सुद्धा माणसं चालतात, पाय तिकडं करून. मनस्विनी कानात म्हणाली, "आजी, ते गोल फिरतंय म्हणून कुणी खाली पडत नाही."

मी म्हणलं, "मग, भरलेली कळशी हात लांब करून गरागरा फिरवली तर पाणी सांडतं का?"

ती पिक्चर सोडून माझ्याकडंच बघत राहिली. तिला काय सांगू, आपण दोघी विहिरीवर काय करायचो अन् आईचा मार कसा खायचो.

कापूस तसाच पिशवीत राहिला, तारा. तीन तास. एका ग्रहाला कडं हाय, चांदीच्या तोड्यासारखं, अन् जहाज त्या कड्याच्या कडेकडेनं जातं. आवाज बंद, गाणं बंद, सगळ्या टॉकीजमध्ये माझाच श्वास मला ऐकू येत होता. बहात्तर वर्षांची झाले, पण माझ्या डोळ्यांना एवढं मोठं कुणी काही दाखवलं नव्हतं.

गोष्ट सांगते थोडी. जहाजाची कप्तान बाई हाय. इकडची माती मेली म्हणून दूरच्या रानात वस्ती करायला निघालेत, हजारभर माणसं. वाटेत एक ठाणं लागतं. एवढासा खडक, त्यावर एकच बाई राहते, अन् साऱ्या जगाचं बियाणं तिच्या ताब्यात. ज्वारी, साळ, तीळ, काय म्हणशील ते. जहाजानं तिथं थांबायचं, तिला अन् बियाण्याला घ्यायचं अन् पुढं जायचं, असा करार.

ती बाई म्हणजे तूच, फक्त कुंकू न्हाई. मूठभर बी हातात घेऊन तशीच वास घेती. म्हणून लिहायला बसले. अजून दहाबारा दिवस पिक्चर हाय म्हणतात. ये अन् बघ. त्या येळवशीला तू मला रानात जेवायला बोलावलं न्हाईस, ते आता मी काढत न्हाई.

तुझी अक्का


शनिवार, २९ नोव्हेंबर

तारा,

पत्र परत आलं न्हाई, म्हणजे पोचलं. तू उत्तर लिहिलं न्हाईस, ते ठीक हाय. पिक्चरमध्ये त्या ठाण्यावरून बोललेलं जहाजाला ऐकू यायला वर्षं लागतात, मधी एवढं अंतर. तरी ती बाई रोज बोलती. आज डाळिंबाचं रोप बोटभर झालं, आज तिळाला फूल आलं. कुणी ऐकतंय का न्हाई ते ठाऊक नसताना. मी तर फक्त तुझ्या औशापर्यंत लिहून राहिले.

काल चौथ्यांदा बघून आले. बाहेर पडते तर टॉकीजचा मॅनेजर नव्या पिक्चरचा बोर्ड लावायला माणूस घेऊन उभा. मी तिथंच त्याला अडवला. गुरुपादप्पा नाव, आपल्या निलंग्याकडचा निघाला.

"आजी," म्हणाला, "तीन तासांचा पिक्चर. गाणं न्हाई, हाणामारी न्हाई. आजच्या खेळाला नऊ माणसं होती, त्यातल्या एक तुम्ही."

"मग आठ माणसं शहाणी हायेत की नांदेडात."

"येत्या शुक्रवारी हा काढणार."

"किती माणसं आली तर ठेवशील?"

त्याला वाटलं म्हातारी घरी जाईल. म्हणाला, "साठ आणा. रविवारी सात तारखेला दुपारचा एक खेळ तुमच्यासाठी ठेवतो."

"लिहून दे."

त्यानं खरंच तिकिटाच्या मागं लिहून दिलं, सही करून. ते तिकीट माझ्या देव्हाऱ्यात हाय.

आता मी काय केलं ते ऐक. मंडपात गोष्ट सांगते ती शेवटापर्यंत न्यायचीच न्हाई, असं ठरवलं. अलीकडं थांबायचं. पुढचं पडद्यावर. बाया चिडल्या तर चिडू दे, चिडलेल्या बाया जास्त येतात. रोज चारला बसते. कडं असलेला ग्रह दाखवायला मनस्विनीच्या खोलीतली टोपली अन् परात नेली. हवेत पाण्याचे थेंब कसे मोत्यांसारखे तरंगतात अन् माणसं ते तोंडानं कशी पकडतात, ते मी करून दाखवलं. कोपऱ्यावरच्या दोघी जावा हसता हसता एकमेकींना टाळी देऊन बसल्या, मग आठवलं अबोला हाय.

एक खोट हाय पिक्चरमध्ये, तेवढी सांगते. बियाणं काचेच्या नळ्यांत ठेवलंय. राख न्हाई, कडुनिंबाचा पाला न्हाई. बिनराखेचं बी एवढी वर्षं कसं टिकंल? मी पहिल्यांदा बघताना मोठ्यानं म्हणाले तसं. पुढचा एक पोरगा मागं वळून म्हणाला, आजी, तिथं किडे नाहीत. मी म्हणलं, बाबा, माणूस गेला की किडा मागोमाग जातो.

परवा मंडपात ठाण्याजवळ जहाज येईपर्यंत सांगितलं अन् तिथं मला पुढं सांगवंना. दम लागला म्हणून उठले. दम लागला नव्हता. नागप्पाच्या बायकोनं ओळखलं असावं, तिनं जाताना माझ्या पाठीवरनं हात फिरवला.

अक्का


बुधवार, ३ डिसेंबर

तारा,

हे पत्र एकटी असताना वाच. मग पाहिजे तर चारचौघांत वाच, माझी ना न्हाई.

सोमवारी पुढचं सांगावंच लागलं. ठाण्यावरच्या बाईला जहाज दिसतं. दिवा घेऊन ती खडकाच्या कडेला उभी राहते अन् हलवून राहिली, हलवून राहिली. जहाजात कप्तान खिडकीशी. तिला तो दिवा दिसतो. पण दोघींचं आधी वाकडं आलेलं असतं, कशावरून ते फार नीट सांगत न्हाईत, काहीतरी बोललेलं लागलेलं असतं. अन् जहाजाला आधीच उशीर. कप्तान तोंड फिरवती. बाकीचे विचारतात, ठाण्यावर कुणी दिसलं का? ती म्हणती, तिथं कुणी नव्हतं. जहाज पुढं निघून जातं. पडद्यावर फक्त तो दिवा राहतो, बारीक बारीक होत.

मंडपातल्या बाया कप्तानावर तुटून पडल्या. "डोळे फुटले होते का तिचे?" एक जाऊ म्हणाली. दुसरी म्हणाली, "असल्या बाईच्या हाती जहाज द्यायचंच कशाला?"

मी पोथीच्या पाटावर बसले होते, तारा. तिथं बसून खोटं बोलवंना.

मी म्हणलं, "मी पण असंच केलंय."

धर्माबादच्या मास्तरणीला येळवस ठाऊक न्हाई, तिच्यासाठी सगळं सांगावं लागलं. की आमच्या लातूरकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला झाडून सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप करतात, पूजा करतात, भज्जी अन् उंडे अन् आंबील. पिकावर आंबील शिंपडत ओलगे ओलगे म्हणत फिरतात. अन् त्या दिवशी रस्त्यानं जाणारा कुणी असू दे, ओळखीचा, बिनओळखीचा, त्याला बांधावरनं हात करायचा. हात केला की त्यानं थांबायचं अन् जेवून जायचं. न थांबणं म्हणजे त्या रानाला नावं ठेवणं. ते कुणी करत न्हाई.

मी केलं. तुझ्या नातवाच्या, शिवांशच्या बारशात तू चार बायांत म्हणालीस की अक्काला आता भाकरी थापता येत न्हाई, नांदेडात विकत आणती. खरं होतं ते. माझा हात दुखायचा, आणत होते विकत. खरं होतं म्हणून तर लागलं. महिनाभरानं येळवस. आम्ही औशाच्या पलीकडं नणंदेच्या रानात निघालो होतो. तुझं रान रस्त्याला लागूनच. तू बांधावर उभी होतीस, हिरवं लुगडं, अन् अख्खा पदर हलवून हलवून बोलावून राहिलीस. हे म्हणाले, "तारा हात करतीय." मी म्हणलं, "आपल्याला न्हाई, मागच्या गाडीला." अन् ड्रायव्हरला म्हणलं, चल.

मागं गाडी नव्हती.

मग नणंदेच्या कोपीत कुणी विचारलं, सख्ख्या बहिणीच्या रानावरनं आलात, थांबला न्हाईत? माझ्या तोंडून निघून गेलं, तिनं बोलावलं न्हाई. तेच पुढं सगळीकडं गेलं. लग्नाकार्यात तुला बाया विचारायच्या, का गं, येळवशीला बहिणीलाच बोलावलं न्हाईस? तू एकदा सुद्धा कुणाला खरं सांगितलं न्हाईस. हे पण जाईपर्यंत कुणाला बोलले न्हाईत. अकरा येळवशी गेल्या.

हे सगळं मी मंडपात सांगितलं. मग नागप्पाची बायको म्हणाली, "बरं. मग आता ते जहाज मागं वळतं का न्हाई?"

मी म्हणलं, "ते रविवारी. पडद्यावर."

"काय बाई हाय ही," म्हणून ती अशी हसली की सगळा मंडप हसला. मी पण हसले, नाक पुसत.

घरी आल्यावर रेणुकादासला सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, "आई, शाळेच्या कामानं मी औशाला तीनदा गेलो. मावशीच्या दारावरनं गेलो. मान सुद्धा वर केली नाही." पुढं जेवला न्हाई तो. सकाळी मात्र माझ्याआधी उठून नणंदेला फोन लावून माझ्या हातात दिला. तिला खरं सांगितलं. मुखेडच्या आत्याबाईंना सांगितलं. अजून पाचसहा घरं राहिलीत, रोज दोन करून राहिले. जिथं जिथं तुझं नाव मी खराब केलं, तिथं तिथं जाऊन पुसणार हाय.

मला माफ कर असं लिहीत न्हाई. ते तू ठरव. पिक्चर बघायला ये, एवढंच म्हणते. रविवार, दुपारी तीन.

अक्का


सोमवार, ८ डिसेंबर

तारा,

साठ न्हाई. एकशे चार.

मनस्विनीनं दारात उभं राहून मोजले. कोपऱ्यावरच्या जावांनी आपापलं माहेर आणलं, कुणाचं जास्त येतंय बघू म्हणून. नागप्पानं गिरणीला कुलूप लावलं, लग्नानंतर पहिल्यांदा बायकोसंगं टॉकीजला आला म्हणे. मास्तरणीनं जुन्या विद्यार्थिनींना फोन केले, त्या पोरंबाळं घेऊन आल्या. गुरुपादप्पा दारात हात जोडून उभा, मला म्हणाला, "आजी, तुम्हाला नोकरीला ठेवू का?" मी म्हणलं, "आधी तो नवा बोर्ड झाक."

दारावरच्या माणसानं माझी पिशवी उघडली. बाहेरचं खायचं नेऊ देत न्हाईत. माझ्या बाटलीत आंबील होती.

"हे काय?"

"औषध."

त्यानं वास घेतला अन् मागं सरकला. सोडलं.

खेळ सुरू व्हायला दोन मिनिटं होती. माझ्या शेजारच्या दोन खुर्च्या मी रिकाम्या धरून ठेवल्या होत्या, एकीवर पिशवी, एकीवर शाल. चारदा लोक विचारून गेले. शेवटी मनस्विनी म्हणाली, "आजी, आता देऊ या कुणाला तरी." मी शाल उचलली. तेवढ्यात दारातनं उजेडाची पट्टी आली अन् तुझी सून देविका, मागं तुझे मालक शेषेराव, टोपी हातात घेऊन अंधारात चाचपडत. मी उठून उभी राहिले. मागची बाई ओरडली, खाली बसा. मी बसले न्हाई. देविका जवळ आली, तिथंच वाकून पाया पडली अन् म्हणाली, "मावशी, लातूरच्या पुढं बस बंद पडली, न्हाई तर सकाळीच आलो असतो."

मी तिच्या मागं बघून राहिले. ती म्हणाली, "आई आल्या न्हाईत."

मग दिवे गेले.

तुला सांगते, मी पाचव्यांदा बघत होते, पण एकशे चार माणसांत बघणं वेगळं. जहाज आलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडून एकदम हवा गेली. ग्रहाचं कडं दिसलं तेव्हा नागप्पाची बायको मोठ्यानं म्हणाली, "परातीपेक्षा चांगलं हाय." अन् तो दिवा बारीक होत गेला तेव्हा शेषेरावांनी अंधारात माझ्या हातावर हात ठेवला. मला त्यांच्याकडं बघायची हिंमत झाली न्हाई.

पुढं वस्ती नव्या रानात उतरती. जवळचं बियाणं पेरतात, ते उगवत न्हाई. एक साल, दोन साल. कप्तान म्हातारी होती, माझ्याएवढी. मग ती उठती अन् सगळ्यांसमोर सांगती की दिवा मला दिसला होता. तेव्हापासून ती रोज एका टेकडीवर दिवा घेऊन उभी राहती. लोक हसतात. ती उभी राहती. जहाज मागं वळत न्हाई, तारा, तेवढं बळ त्यात उरलेलंच नसतं. पण एक दिवस आभाळात एक ठिपका दिसतो. एवढीशी होडी. ठाण्यावरची बाई स्वतः निघालेली असती, वाट बघून बघून, सगळं बियाणं घेऊन.

दोघी समोरासमोर येतात तेव्हा काय बोलतात ते मी लिहीत न्हाई. ते तोंडानं सांगायचं हाय.

त्यानंतर पेरणी. अन् पडदाभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हिरवं. परक्या आभाळाखाली वाऱ्यानं हलणारी ज्वारी. मला काय झालं ठाऊक न्हाई, मी बाटली उघडली अन् आंबील शिंपडली, ओलगे म्हणत. मागनं मुखेडहून आलेल्या बायांनी साथ धरली. मग सगळ्यांनीच. ज्यांना येळवस ठाऊक न्हाई त्यांनी पण, मास्तरीण तर सगळ्यांत मोठ्यानं. पुढच्या रांगेवर आंबील पडली, आरडाओरडा झाला, गुरुपादप्पा बॅटरी घेऊन पळत आला. उजेड माझ्या तोंडावर, माझ्या हातातल्या बाटलीवर. मला वाटलं आता बाहेर काढतो. तो घटकाभर पडद्याकडं बघत राहिला, अन् मग म्हणाला, "आजी, डाव्या कोपऱ्यात राहिलं. तिकडं पण शिंपडा."

खेळ संपल्यावर बाया उठेनात. अजून एकदा लाव म्हणाल्या. त्यानं हा आठवडाभर दुपारचा खेळ ठेवलाय.

बाहेर रसवंतीच्या बाकड्यावर देविकानं पोटली काढली. उघडते तर राख. राखेत ज्वारी, दगडी, आपल्या आईच्या वाणाची. देविका म्हणाली, "आई म्हणाल्या, पिक्चरवाल्याला दाखवा म्हणावं, बी कसं ठेवतात ते." मग म्हणाली, "तुमची पत्रं त्यांनी आम्हाला वाचून दाखवली. तिसरं पण. संपल्यावर म्हणाल्या, हिरवं न्हवतं ते लुगडं, जांभळं होतं."

जांभळं असंल. मी मान फिरवली होती, मला काय ठाऊक.

मी विचारलं, "मग ती का आली न्हाई?"

शेषेराव कधी जास्त बोलत न्हाईत, तुला ठाऊक हाय. ते म्हणाले, "ती म्हणते, पडद्यावर कुणीपण बघंल. मला अक्काच्या तोंडून ऐकायचंय. कोपीत बसून. शेवटासकट."

राख माझ्या मांडीवर सांडली, ती मी झटकली न्हाई.

तर असं, येळवशीला मी येते. टोपली अन् परात तुझ्याकडची वापरीन, माझी आणत न्हाई. भाकरी मी थापणार हाय, वाकड्या झाल्या तर चार बायांत सांग. रेणुकादास अन् मनस्विनी पण येतात. रस्त्याच्या बाजूला उभी राहा, पदर कुठल्याही रंगाचा असू दे. जीप मी स्वतः थांबवीन.

शेषेराव अन् देविका आज सकाळच्या गाडीनं निघाले. गुरुवारी, अठरा तारखेला, दिवस मावळायच्या आत जीप घेऊन आम्हाला न्यायला इथं मुक्कामाला परत येतो म्हणाले. शुक्रवारी येळवस.